पडद्यामागचंही मराठीत हवं

१९१९ साली दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ पडद्यावर आला. डोहात उडी घेऊन विषारी नागाला नमवणारा बाळकृष्ण हा त्याचा नायक. चित्रपट सुरू होतो तेव्हा मात्र कृष्ण दिसत नाही. आधी एक पाटी येते आणि सात वर्षांच्या एका मुलीच्या मुद्राभिनयाची ओळख करून देते. मग ती मुलगी समोर येते आणि तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. प्रेक्षकांनी तिला नीट पाहून घेतलं, की तीच मुलगी कृष्णाच्या वेशात येते आणि गोष्ट सुरू होते. ती मंदाकिनी, फाळके यांची मुलगी.

त्या काळी पडद्यावर राम-कृष्ण दिसले की लोक हात जोडत. अशा प्रेक्षकांना ‘ही एक साधी मुलगी आहे आणि आता ती अभिनय करणार आहे’ असं आधीच दाखवायला धाडस लागतं. फाळके यांना देव दाखवायचा होता आणि तो देव घडवला कसा, तेही दाखवायचं होतं.

हे त्यांनी एकदाच केलं असं नाही. ‘कालियामर्दन’च्या दोन वर्षं आधी, १९१७ मध्ये, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक छोटा चित्रपटच त्यांनी काढला होता. त्याचे जे तुकडे वाचले आहेत त्यांत स्वतः फाळके कलाकारांकडून काम करून घेताना आणि फिल्मची पट्टी हाताळताना दिसतात. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेखमाला लिहून त्यांनी आपली सगळी धडपड वाचकांपुढे मांडली. त्याही आधी, ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करताना, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपून काही क्षणांत दाखवली होती. पैसे देणाऱ्याला त्यांनी कथा ऐकवली नाही. कॅमेरा काय करू शकतो, ते समोर ठेवलं.

आज यालाच ‘मेकिंग’ म्हणतात. सुपरहिरोचा चित्रपट थिएटरमधून उतरून डीव्हीडी किंवा ब्लू-रेवर घरी येतो तेव्हा मूळ चित्रपटाबरोबर पुष्कळ काही येतं. चित्रीकरणाच्या वेळचे प्रसंग, कापलेली दृश्यं, दिग्दर्शकाचं धावतं समालोचन, वेशभूषेची रेखाटनं, उड्या आणि मारामाऱ्यांच्या तालमी. याची सुरुवात पाश्चात्त्य बाजारात १९८४ मध्ये झाली. क्रायटेरियन या कंपनीने ‘किंग काँग’ लेसर डिस्कवर आणला आणि चित्रपट चालू असताना एका अभ्यासकाचं निवेदन ऐकायची सोय दिली. पुढे डीव्हीडीच्या काळात याचा मोठा बहर आला आणि सुपरहिरोंचे चित्रपट त्यात आघाडीवर राहिले. कारण उघड आहे. माणूस उडताना दिसला की पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो, हे केलं कसं?

या प्रश्नाचं उत्तर किती रसाळ असतं त्याची दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. रिचर्ड डॉनर यांचा ‘सुपरमॅन’ १९७८ चा. २००१ मध्ये त्याची डीव्हीडी आली, तिच्यावर उड्डाणाच्या दृश्यांची उकल करणारे माहितीपट होते. नायक क्रिस्टोफर रीव्ह तारांना लटकलेला असे आणि मागच्या पडद्यावर आकाश दाखवलेलं असे. पण लटकलेला माणूस पुढे येताना कसा दिसणार? झोरान पेरिसिक या तंत्रज्ञाने कॅमेऱ्याला एक झूम भिंग लावलं आणि पडद्यावर चित्र टाकणाऱ्या प्रोजेक्टरला दुसरं. दोन्ही भिंगं एकाच वेळी, एकाच प्रमाणात फिरत. त्यामुळे मागचं आकाश कॅमेऱ्याला होतं तेवढंच दिसे आणि समोरचा माणूस मात्र मोठा होत जाई. माणूस जागचा हलत नव्हता आणि पाहणाऱ्याला वाटे, तो थेट आपल्या अंगावर उडत येतो आहे. शाळेत भिंगाचा धडा शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला हे कळतं. कळलं की तो जागेवरून उठून दोन भिंगं शोधायला लागतो.

दुसरं उदाहरण २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’ चं. त्यातल्या खलनायकाच्या पाठीतून चार यांत्रिक हात बाहेर येतात. पाहणाऱ्यांना वाटतं, ही सगळी संगणकाची करामत. डीव्हीडीवरचं मेकिंग वेगळंच सांगतं. पुष्कळ दृश्यांत ते हात खरे होते आणि नट आल्फ्रेड मोलिना यांच्या मागे उभं राहून बाहुलीकार ते चालवत होते. एकेका हाताला अनेक माणसं. हात कुतूहलाने वळायचा, दचकायचा, रागावायचा, आणि हे सगळं माणसाच्या मनगटातून येत होतं. मोलिना यांनी त्या चारही हातांना नावं ठेवली होती.

हे वाचून मराठी प्रेक्षकाला तात्या विंचू आठवला नाही तरच नवल. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला आणि एका बाहुल्याने महाराष्ट्रातल्या लहान मुलांची झोप उडवली. तो बाहुला घडवला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी ‘अर्धवटराव’ जन्माला घातला होता, म्हणजे घराण्यातच बोलक्या बाहुल्यांची विद्या. कोठारे यांच्याच ‘धडाकेबाज’मध्ये, १९९० साली, बाटलीत मावणारा गंगाराम होता. लक्ष्मीकांत बेर्डे यांना एकाच चित्रात नेहमीच्या आकारात आणि वीतभर उंचीत दाखवायचं होतं, तेही संगणक हाताशी नसताना आणि सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी. कोठारे यांनी ‘डॅम इट आणि बरंच काही’ हे आत्मचरित्र लिहिलं, त्यामुळे त्या काळातलं पुष्कळ काही कागदावर तरी आलं. पण बाहुल्याच्या मागे हात घालून बसलेला माणूस, दोऱ्या, वंगण, दिव्यांची मांडणी, सतराव्यांदा घेतलेलं दृश्य हे वाचून कळत नाही. ते डोळ्यांनी पाहावं लागतं.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीकडे तर अशा करामतींचा खजिना होता. १९३७ मध्ये विजय भट्ट यांचा ‘ख्वाब की दुनिया’ आला. त्यातला अदृश्य माणूस वस्तू उचलतो, हलवतो, आणि ते घडवून आणलं बाबूभाई मिस्त्री यांनी. युक्ती एवढीच की काळ्या पार्श्वभूमीसमोर काळ्या धाग्याने वस्तू हलवायच्या आणि प्रकाश असा टाकायचा की धागा दिसू नये. या कामामुळे बाबूभाईंचं नावच ‘काला धागा’ पडलं. पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त पुन्हा अदृश्य नायक आला आणि पीटर परेरा यांनी त्याची करामत कॅमेऱ्यासमोरच साधली. लाल प्रकाश पडला की नायक दिसतो, ही त्यातली कल्पना होती. या मंडळींनी जे केलं ते सुपरमॅनच्या तारांपेक्षा उणं नव्हतं. फरक एवढाच की तिकडे धागा ओढणाऱ्याकडेही एक कॅमेरा रोखलेला होता. इकडे ती करामत शिष्याच्या हाती आणि लोकांच्या आठवणीत राहिली.

इकडे तसं का घडलं नाही, याचं एक कारण अगदी साधं आहे. महाराष्ट्राच्या बहुसंख्य घरांत चित्रपट आला तो व्हीसीडीवर. एका व्हीसीडीत साधारण सव्वा तासाचं चित्रण मावतं, म्हणून अडीच-तीन तासांच्या चित्रपटाला दोन किंवा तीन चकत्या लागत. मध्येच उठून चकती बदलायची, हे त्या काळच्या प्रत्येक घराला आठवेल. ज्या चकतीवर चित्रपटच पुरता मावत नाही, तिच्यावर मेकिंग कुठे टाकणार? डीव्हीडीवर जागा होती, पण ती महाग. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली आणि बाजार फिरला. एवढ्या किमतीत चित्रपट हातात पडत होता हेच पुष्कळ होतं. जादा काही तयार करायला पैसा उरत नव्हता आणि मागायची सवय प्रेक्षकालाही नव्हती. ती लागेपर्यंत चकत्यांचा काळच सरला. अमेरिकेत नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद केलं.

आता चित्रपट ओटीटीवर येतो. तिथे जागेची अडचण नाही, तरी मेकिंग मिळेलच याची खात्री नाही. नावं सरकायला लागली की कोपऱ्यात पुढच्या चित्रपटाचं चौकोनी चित्र येतं आणि पडदा आकसतो. मार्व्हलसारख्या मोठ्या कंपनीने २०२१ पासून ‘असेम्बल्ड’ नावाची वेगळी मालिका काढून ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला आणि ती चांगली आहे. पण तिच्यातलं सगळं बोलणं इंग्रजीत चालतं. तिथे येऊन मराठी मुलाची वाट अडते.

जून २०२३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली. ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट भारतात इंग्रजीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठी होती. हॉलिवूडचा एवढा मोठा सुपरहिरो मराठी बोलत थिएटरात आला. त्यात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आहे आणि त्याचं ‘मुंबटन’ हे शहर मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून रंगवलेलं आहे. मराठी मुलांनी तो पाहिला आणि त्यांना तो आपला वाटला.

या मालिकेतल्या पहिल्या चित्रपटाचं, २०१८ च्या ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’चं, मेकिंग म्हणजे एक पाठ्यपुस्तक आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रं असतात. त्यातला नवशिका नायक माइल्स पुष्कळ ठिकाणी सेकंदाला १२ चित्रांनीच हलवला आहे. म्हणजे प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं. त्याच दृश्यात त्याच्याबरोबर उडणारा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर मात्र पूर्ण २४ चित्रांनी हलतो. त्यामुळे जंगलात दोघं झाडांवरून झोके घेत जातात तेव्हा पीटर सफाईने सरकतो आणि माइल्स अडखळतो. माइल्स पुढे तयार होतो, तशी त्याची हालचालही २४ चित्रांवर येते. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण मुलगा मोठा झाला हे जाणवतं. एक वही, एक पेन्सिल आणि मोबाइल एवढ्यावर हा प्रयोग कुणालाही घरी करून पाहता येईल. त्यासाठी ही गोष्ट आपल्या भाषेत कुणीतरी सांगायला हवी.

एक गाव उदाहरणाला घेऊ. दौंड तालुक्यातलं कासुर्डी हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर, उरुळी कांचन सोडून यवतकडे जाताना लागतं. आजूबाजूला उसाचा मुलूख. गावात ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याच्या हातात जगातले सगळे सुपरहिरो आहेत. तिथल्या नववीतल्या एखाद्या मुलीने स्पायडर-मॅन मराठीत पाहिला आणि तिच्या मनात आलं, हे चित्र हलतं कसं? तर पुढच्या पायरीवर तिला फक्त भरभर बोललेली इंग्रजी मिळते. ज्या वयात कुतूहल सर्वांत ताजं असतं, त्याच वयात भाषेची भिंत तिच्यासमोर उभी राहते. शहरातले वर्ग, तिथली फी, राहण्याचा खर्च हे तर पुढचे प्रश्न.

आणि अंतर किती थोडं आहे पाहा. कासुर्डीहून याच महामार्गाने पुण्याकडे निघालं की लोणी काळभोर येतं. तिथे राज कपूर यांची राजबाग होती. १९७८ च्या ‘सत्यम शिवम सुंदरम’चं चित्रीकरण या बागेत झालं. आज त्या जागी विद्यापीठ आहे आणि राज कपूर यांचं स्मारकही. पुढे शहरात शिरून लॉ कॉलेज रोडला पोचलं की प्रभात फिल्म कंपनीची जागा येते. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या ‘प्रभात’ने इथेच दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ घडवला आणि तो १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि त्याच रस्त्यावर १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पी. के. नायर यांनी अक्षरशः फिल्मचे डबे गोळा करत हिंडून हे संग्रहालय उभं केलं. फाळके यांच्या चित्रपटांचं जे काही उरलं आहे ते त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे. गावातून निघून तासा-दीड तासात पोचता येईल अशा या एका रस्त्यावर मराठी चित्रपटाचा पडद्यामागचा इतिहास पसरलेला आहे. कासुर्डीच्या त्या मुलीला तो कुणी दाखवलेला नाही.

हा नुसत्या हौसेचाही प्रश्न राहिलेला नाही. जगभरच्या मोठ्या चित्रपटांचं दृश्यपरिणामांचं काम मुंबईत होतं. प्राइम फोकस ही मुंबईची कंपनी २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडली गेली आणि आज डीनेग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कंपनीच्या खात्यावर ‘इन्सेप्शन’, ‘इंटरस्टेलर’, ‘ड्यून’ अशा चित्रपटांची ऑस्कर आहेत. या धंद्यात शिरणारी मुलं बहुधा ‘रोटो’पासून सुरुवात करतात. रोटो म्हणजे चित्रातल्या माणसाची कड एकेका फ्रेममध्ये आखून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं काढणं. दहा सेकंदांच्या दृश्यात २४० फ्रेम. केस उडत असतील तर प्रत्येक फ्रेममध्ये केस निराळे. काम किचकट, डोळ्यांची परीक्षा पाहणारं, आणि चित्रपटातलं सर्वांत कमी बोललं जाणारं. सुपरहिरोच्या चित्रपटात शेवटच्या नावांनंतर एखादा छोटा प्रसंग येतो म्हणून प्रेक्षक खुर्चीत बसून राहतात. तेवढ्या वेळात जी शेकडो नावं वर सरकतात, त्यांत आपल्याकडची आडनावंही असतात. ती मुलं काय करतात हे त्यांच्या आई-वडिलांनाही नीट सांगता येत नाही, कारण ते मराठीत कुणी दाखवलेलंच नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सगळं उघड करून दाखवलं तर जादू उरेल का?

त्याचं उत्तर दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर मिळतं. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, चुलाण पेटलेलं असतं. रस तापला की मळी वर येते, ती काढत राहायची. त्यात भेंडीचं पाणी घालायचं. पाक दाटायला लागला की गुळव्या काहिलीशी उभा राहतो आणि थोडा पाक पाण्यात टाकून चिमटीत धरून पाहतो. त्या चिमटीवर सगळा माल अवलंबून. एक क्षण आधी उतरवला तर गूळ बसत नाही, एक क्षण उशीर झाला तर करपतो. मग काहील वाफ्यात ओततात आणि ढेपा पडतात. रस्त्याने जाणारी माणसं थांबून हे पाहतात, काकवी घेतात, मुलांना दाखवतात. गूळ कसा होतो हे पाहिल्यामुळे गूळ कमी गोड लागला अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही. उलट ज्याने गुळव्याची चिमूट पाहिली, तो ढेप हातात घेताना जरा थांबतो.

पडद्याचंही तसंच आहे. जत्रेतल्या तंबूत काही ठिकाणी पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक बसत. मागच्या बाजूला बसलेल्यांना चित्र उलटं दिसे, पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत, डावखुरा नायक उजवा होई. तरी ते रडत, हसत, टाळ्या देत. मंदाकिनीला आधी साध्या मुलीच्या रूपात पाहूनही ‘कालियामर्दन’च्या प्रेक्षकांनी तिच्यातला कृष्ण नाकारला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मेकिंगच्या नावाखाली पुष्कळदा निव्वळ जाहिरात येते. नटाने दिग्दर्शकाचं कौतुक करायचं, दिग्दर्शकाने निर्मात्याचं, आणि सगळ्यांनी मिळून ‘आमचं कुटुंबच झालं होतं’ म्हणायचं. मराठी वाहिन्यांवर आणि यूट्यूबवर प्रदर्शनाच्या आठवड्यात जे येतं त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. त्यातून कुणी काही शिकत नाही आणि दुसऱ्या आठवड्यात ते कुणाला आठवतही नाही. ही टीका खरी आहे. पण नासलेल्या नारळामुळे कुणी नारळ घेणं सोडत नाही.

चांगलं मेकिंग कसं असतं त्याचा नमुनाही घरचाच आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’चं चित्रीकरण २००० साली कच्छमध्ये भूजजवळ झालं. सत्यजित भटकळ त्या पथकात होते. त्यांनी ‘चले चलो’ हा माहितीपट केला आणि पुस्तकही लिहिलं. त्यात कौतुक आहे, पण अडचणीही आहेत. उन्हाळा आहे, वेळापत्रक कोलमडणं आहे, पाठ धरल्यामुळे खाटेवर पडून दिग्दर्शन करणारे गोवारीकर आहेत, क्रिकेटचा सामना पाहायला बसवलेले हजारो गावकरी आणि त्यांना सांभाळणारी माणसं आहेत. नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभं केलेलं चंपानेर गाव आहे. चित्रपट म्हणजे शेकडो माणसांच्या कष्टाचा संसार असतो, हे त्यातून कळतं. ‘लगान’ सुपरहिरोचा चित्रपट नाही. पण सुपरहिरोच्या चित्रपटाचं मेकिंग कसं असावं हे त्याच्याकडून शिकता येईल.

मराठीने आपला सुपरहिरोही करून पाहिला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये निखिल महाजन यांचा ‘बाजी’ आला. श्रेयस तळपदे त्यात मुखवटा चढवून अन्यायाशी झुंजतो. लहान खर्चात, मराठी मातीतला नायक उभा करायचा हे सोपं नव्हतं. असा चित्रपट चालला की पडला, याची चर्चा दोन आठवड्यांत संपते. मुखवटा कशाचा केला, घोड्यावरची दृश्यं कशी घेतली, पैसा कमी पडला तेव्हा कुठल्या दृश्यावर पाणी सोडलं, ही माहिती मात्र पुढे सुपरहिरो करू पाहणाऱ्या प्रत्येक मराठी दिग्दर्शकाच्या कामाची आहे. ती मिळाली नाही की प्रत्येकाला पाटी कोरी धरून बसावं लागतं.

जपणूक नसली की काय होतं हेही पुण्याने पाहिलं आहे. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठवणगृहाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचे डबे जळून गेले. नायट्रेट फिल्म पेटली की पाण्यानेही विझत नाही. जे चित्रपट होते तेच असे गेले. ज्यांचं पडद्यामागचं काही टिपलंच नव्हतं, त्यांची तर राखही नाही.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडायला हव्यात. पहिली निर्मात्यांकडे. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसापासून एका सहायकाच्या हाती एक वेगळा कॅमेरा द्यावा. आज त्यासाठी चांगला मोबाइल पुरतो. त्याने नटांच्या मागे धावू नये. लाइटमन, मेकअप दादा, ध्वनिमुद्रक, फाइट मास्टर, शिवणकाम करणाऱ्या ताई, संगणकावर रोटो करणारा मुलगा यांचं काम टिपावं आणि त्यांना बोलतं करावं. चित्रपट घरोघरी पोचला की हे चित्रणही त्याच्याबरोबर यावं. ओटीटीने जागा दिली नाही तर निर्मात्याने ते स्वतःच्या वाहिनीवर मोफत ठेवावं.

दुसरी मागणी परदेशी स्टुडिओंकडे. ज्यांना स्पायडर-मॅनला मराठी बोलायला लावून तिकिटं विकता येतात, त्यांना त्याच्या मेकिंगखाली मराठी उपशीर्षकं देता येतील. अख्ख्या चित्रपटाचं मराठी भाषांतर होऊ शकतं, तिथे तासाभराच्या मुलाखतींचं काय जड आहे?

तिसरी राज्य सरकारकडे. दर्जेदार मराठी चित्रपटांना सरकार अनुदान देतं, ते जनतेच्या पैशातून. त्या चित्रपटाचं अर्ध्या तासाचं प्रामाणिक मेकिंग, पटकथा, रेखाटनं आणि छायाचित्रं जमा करणं ही अनुदानाची एक अट असावी. हे साहित्य पुण्याच्या संग्रहालयात नीट राहावं आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना मागणी केली की दाखवायला मिळावं. ज्या पिढीने संगणकाशिवाय तात्या विंचू हलवला आणि गंगारामला बाटलीत बसवलं, त्या पिढीतल्या कारागिरांच्या मुलाखती त्यांच्या अवजारांसकट चित्रित करण्याचं काम याच वर्षी सुरू व्हायला हवं. यात दिरंगाई परवडणारी नाही.

शेवटची विनंती वाचकांना, विशेषतः शिक्षक आणि पालकांना. घरातलं मूल सुपरहिरोचा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहत असेल तर त्याला रागावण्याआधी एकदा विचारा, ‘तो उडतो कसा, सांग बघू?’ उत्तर येणार नाही तेव्हा दोघांनी मिळून शोधा. फाळके यांच्या त्या १९१७ च्या चित्रपटाचा वाचलेला भाग बोलका नाही, म्हणून त्याला भाषेची अडचणही नाही. कासुर्डीच्या शाळेतही तो फळ्यावर पांढरा कागद लावून दाखवता येईल. तिथून सुरुवात करा.